ओतलेलं दूध

१४ एप्रिल २०२०
सकाळी डेअरीवाल्याचा फोन — आजचं दूध नेणार नाही, ओतून टाका! कोरोनाने शाळा बंद, हॉटेलं बंद, पिणार कोण? आख्ख्या विस्कॉन्सिनचं तेच चाललंय म्हणे.

नवऱ्याने, व्हर्लिनने, टाकी उघडली. दूध शेणाच्या खड्ड्यात. वारा होता. पांढरी लाट काठाशी यायची, फुटायची, मागे सरायची. तो टोपी काढून उभा, आणि मी? मला रडू यायला हवं होतं. मी समुद्र बघत होते. खरा कधी बघितलाच नाही.

१९ एप्रिल
चर्चची प्रार्थना मैदानात, आपापल्या मोटारीत बसूनच. पाद्री गवताच्या गाड्यावर उभे, आमेनच्या जागी हॉर्न. बाजूच्या मोटारीतून शेजारीण मायर्ना ओरडली, "व्हर्लिन, गायी विकतोयस म्हणे?"
"एक जूनला," तो म्हणाला.
माझा हात हॉर्नवर पडला. प्रार्थना अजून अर्धीसुद्धा झाली नव्हती! सगळे माना वळवून बघायला लागले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२ मे
लग्न झाल्यापासून सलग दोन दिवस घराबाहेर राहिले नाही. पहाटे धार, संध्याकाळी धार. गायींना रविवार कळत नाही. आता एक महिना, मग मोकळी! भांडी घासताना पाण्याचा आवाज ऐकत बसते. साबणाचा फेससुद्धा टाकवत नाही.

२७ मे
शेतकऱ्यांना सरकारी मदत मिळणार. शेतकी ऑफिसला कुलूप, कागद गाडीच्या काचेतून दिले. तिथली कारकून डार्लीन मास्कमधून ओरडली, "ओतलेलं दूधही हिशेबात धर रे, व्हर्लिन! लाजू नकोस!"

येताना तो शीळ घालत होता. "विक्री पुढे ढकलू या. काय?"
"हो," म्हटलं. आणखी काय म्हणणार? त्या गायी त्याच्या वडिलांच्या हातच्या.

१८ जून
पैसे आले. गायी राहणार. व्हर्लिन आधी गोठ्यात जाऊन त्यांना सांगून आला, मग मला! मायर्नाचा फोन, "आता तरी हस गं, आर्डिस!"

दूधघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. वळले तर हा दारात. नळ बंद केला आणि गेला.

१९ जून
रूबार्बच्या आंबट देठांचं गोड सारण भरून ‘पाय’ केला. व्हर्लिनने दोनदा वाढून घेतला आणि थेट गोठा गाठला.

३० जून
नाश्त्याच्या ताटलीखाली पाकीट. आगगाडीचं तिकीट — थेट ओरेगॉन!
"ओतलेल्या दुधाचे पैसे," म्हणाला. "जा, बघ तुझा समुद्र."
"आणि तू?"
"धार कोण काढणार?"
"पण तुला कुणी सांगितलं, समुद्राचं?"
"झोपेत बोलतेस."
"कधीपासून?"
अंड्यावर मिरपूड घालत बसला. "लग्नापासून."

९ जुलै, ओरेगॉन
लाटा खरंच तशाच, पांढऱ्या. इथेही धारेच्या वेळेलाच जाग आली. परतीची गाडी कधीची ते बघायला पाकीट उघडलं, तर परतीचं तिकीटच नाही! घाईघाईने फोन लावला — "अरे, विसरलास!"

तो गोठ्यात होता. मागे यंत्राची घरघर.
"विसरलो नाही," म्हणाला. "ते तू ठरव."
मग गायीला "थांब गं, पॅन्सी," म्हणाला आणि फोन ठेवला.