तलवारीशेजारची चिप

सोलापूर, १९७४. दसऱ्यानंतरचा सोमवार, संध्याकाळ.

फोटोत तलवार कशाला ठेवली असेल!

अमेरिकेतल्या कंपनीने इलेक्ट्रॉनिक चिपा चारच पाठवल्या, बाकीच्या वीस अडवून धरल्यात. आपल्या अणुस्फोटापासून तिथलं सरकार विचारतंय, चिप नेमकी कशात घालणार? मी कॉलेजातला मास्तर. ओळखीच्या विणकराच्या, व्यंकटेशच्या यंत्रमागावर धागा तुटला की माग आपोआप थांबेल, असं यंत्र करतोय. तेच फॉर्मवर लिहून सही केली. सोबत यंत्राचा फोटो हवा होता आणि यंत्र त्याच्याकडेच, म्हणून फोटो घालायला पाकीट व्यंकटेशकडे दिलं.

आज दुपारी त्याने ते पोस्टात टाकलंसुद्धा. "सर, खंडेनवमीच्या पूजेचा फोटो घातला की. लई छान आलाय." त्याने दुसरी प्रत दाखवली. धोटा, कात्री, मधोमध हळदकुंकू लावलेलं माझं यंत्र. आणि त्याला टेकून व्यंकटेशच्या आजोबांची तलवार!

तसाच पोस्टात धावलो. टपाल गेलं होतं.

व्यंकटेश म्हणतो, "बोथट हाय की ती, सर. वर्षातून एकदा कोहळा कापतो, तेवढंच."

हे तिकडच्या साहेबाला कोण सांगणार? त्याला दिसणार ती तलवार, आणि शेजारी त्यांचीच चिप. आता उरलेल्या चिपा येतील का? की थेट कॉलेजात चौकशीच येईल?

फॉर्मवर मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. मघापासून हेच घोकतोय. पण मे महिन्यात स्फोटाची बातमी आली, तेव्हा स्टाफरूममध्ये पेढे मीच वाटले होते.