आईच्या वजनाचे पाटे

ता. २
ती. दादास,
सा. न. वि. वि.
तुला न विचारता मी दुसऱ्या वर्कशॉपात जीपच्या स्प्रिंगचे पाटे बदलले. कुणीतरी चहाडी करेलच, म्हणून मीच कळवतो. जास्तीचे पाटे घातले, शॉकअपही नवे, जाड. मागे पाटा तुटून दगडांसकट दिवसभर खाणीच्या वाटेवर बसलो होतो, ते आता होणे नाही. हिचे दिवस भरत आलेत, आई जवळ हवी म्हणते. रविवारी आईला न्यायला येतो. तेव्हा जीपखाली घुसून तोंड वाकडं करू नकोस.
माया कमी करू नये.
धाकटा

ता. ८
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.
पहिल्या वळणावर आई उतरली आणि पायी घरी आली, हे तू पाहिलंसच. नंतर दोन दिवस ती पालथी पडून होती. कमरेपेक्षा अपमान जास्त दुखतोय. पोराने कढईतल्या लाहीसारखं उडवलं, असं येईल त्याला सांगते.
मी जीपखाली घुसलो नाही, गरजच नव्हती. तू पाटे दगडांच्या वजनाचे घातलेस. गाडी भरलेली असली की ते दबतात, रिकामी असली की हलतही नाहीत. मग धक्का चेसिस खाते, नट ढिले होतात, आणि उरलेला आई खाते. गाडी टिकायला पाट्याने थोडं नमावं लागतं. देवासमोर उभा राहिलो की मला माणसांबद्दलही हेच वाटतं, पण तू निदान पाट्यांपुरतं ऐक. दोन काढ.
घरी सांग, रोज देवापाशी तिचं नाव घेतो.
तुझा दादा

ता. १२
ती. दादास,
सा. न. वि. वि.
पाटे काढले तर खाणीचं काम जाईल. त्यापेक्षा मागे वाळूची पोती टाकून पाहिली, जीप पाळण्यासारखी चालली. आईला म्हण, पोत्यांसोबत बस. पण लवकर. हिला एकटीला भीती वाटते, आणि माझ्याकडे बघून ती वाढते म्हणे.
रागावला असलास तरी लिहीत जा.
धाकटा

ता. १६
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.
आई म्हणाली, पोत्यांशी बोलायचं काय? मग विचारलं, किती माणसं बसली की गाडी नीट चालते. मी भोळेपणाने सांगितलं, सात-आठ धडधाकट. ती चपला घालून बाहेर पडली. दोन्ही मावश्या, शिंपीणबाई आणि शेजारच्या चौघी तयार आहेत. निवडताना तिने अंगकाठी तेवढी पाहिली. तुझी वहिनी हाडकुळी म्हणून वगळली गेली, ती रुसली आहे.
रविवारी ये. आईपुढे माझं वर्कशॉप चालत नाही.
तुझा दादा

ता. २३
ती. दादास,
सा. न. वि. वि.
जीपने हूं की चूं केलं नाही. आई शिंपीणबाईंच्या खांद्यावर गाढ झोपली. बाकीच्यांना परत सोडायला निघालो, तर बाळ बघितल्याशिवाय हलणार नाही म्हणाल्या. ही राणीसारखी बसून आहे, पाण्याचा पेलाही उचलू देत नाहीत. तिची भीती गेली, माझी खाट गेली. मी जीपमध्ये झोपतो.
जागा होतो तेव्हा नट तपासले. तू म्हणालास तसेच, ढिले. खाणमालकाला सांगून आलो, दगड कमी नेईन, खेपा वाढवीन. तो कुरकुरत हो म्हणाला.
तू येशील तेव्हा मऊ पाटे घेऊन ये. बाळ मूठभर वजनाचं असणार. त्याला फिरवायला दर वेळी एवढ्या बायका कुठून भरू?
वहिनीला नमस्कार, आणि तिलाही आण. जागा करू.
तुझा धाकटा