अंजनाच्या लग्नाला विमानाने

इस्लामपूर, आषाढ, सन १९४८

तीर्थरूप दाजींस, नाथाजीचा दंडवत. आपली कंबर आता कशी आहे? इकडे सर्व खुशाल. आक्काने माझ्या दोन्ही पत्रांना उत्तर दिलेले नाही, तेवढे सोडून.

अंजनाच्या लग्नाला सख्खा मामा का पोहोचला नाही, हे निदान आपण तरी ऐकून घ्या. आपण लिहिले होते, दोन दिवस आधी निघा. मी मात्र शाळेतल्या नकाशावर दोरा ताणून पाहिला होता: पुणे ते मुंबई, सरळ हवेतून पाऊणशे मैल, चाळीस मिनिटे. (हा हिशेब मी चौकातल्या सभेत गरजून सांगितला, टाळ्या पडल्या.) स्वतंत्र देशाच्या माणसाने घाटात इंजिनाचा धूर का खावा? मुहूर्त गोरज. दुपारी विमानात बसायचे आणि वऱ्हाडाची वामकुक्षी संपायच्या आत लालबागेत आपल्या दारी.

पुण्यापर्यंत आपले गूळवाले दस्तगीर सोबत होते. त्यांना मुंबईच्या पेढीवर जायचे होते. विमानतळावर सामानाबरोबर माणसालाही काट्यावर उभे करतात. मी आणि आहेराची ढेप, दोघे मिळून जड ठरलो. तिथल्या साहेबाला मी मानवाच्या अप्रतिष्ठेवर बरेच ऐकवले. काटा हलला नाही.

मला पोचवायला आलेले दस्तगीर म्हणाले, "ढेप माज्याकडं द्या, भाऊसो. रेल्वेनं न्हेतो. तुमी बी चला की, भाचीचं लगीन हाय."

"रेल्वे मागच्या शतकाची," मी म्हणालो. "तुम्ही व्हा पुढे."

विमान उडाले. घड्याळ हातात धरून बसलो होतो. बरोबर चाळीस मिनिटांत उतरले. मी रुबाबात बाहेर आलो आणि टांगेवाल्याला लालबाग सांगितले. त्याने मला वरून खाली न्याहाळले. "रावसाहेब, घोडं घाटापर्यंत येईल. पुढं तुम्ही उतरा."

घाटावर ढग होते, म्हणून विमान अर्ध्यातून फिरून पुण्यालाच आले होते. (हे आत सांगितले असणार; मी शेजाऱ्याला प्रगतीबद्दल सांगत होतो.) ढग सरतील म्हणून तत्त्वाला चिकटून तिथेच बसलो. ढगांना तत्त्व नव्हते. मुहूर्त टळला, आणि आक्कासमोर यायची छाती झाली नाही. परतीची गाडी धरली.

इकडे दस्तगीर खांद्यावर ढेप घेऊन वेळेवर मांडवात. मामाची जागा रिकामी, भटजींची घाई. आक्का त्यांना काय म्हणाली, ते त्यांनीच मला सांगितले: "दस्तगीरभाऊ, गूळ उतरा आन् पोरीच्या मागं उभं ऱ्हावा." आपण त्यांना हाताला धरून उभे केलेत. दाजी, हे मी हजार सभांत बोललो असेन. तिथे मात्र मी नव्हतो.

आपला,
नाथाजी

ता. क. विज्ञानाविषयी माझे मत कायम आहे. चाळीस मिनिटे म्हणजे चाळीस मिनिटे.

दु. ता. क. खरे लिहायचे ते राहिले. अंजना मलकापूरला नांदते आहे. पंचमीला तिला आणायला मुराळी म्हणून मलाच धाडा, आक्काला तेवढे समजवा. मलकापूर इथून जवळ. तरी दोन दिवस आधी निघेन. बैलगाडीने.

ति. ता. क. आत्ताच दस्तगीर येऊन गेले. आक्काने मुराळी म्हणून त्यांनाच सांगितले आहे. मग निदान त्यांच्या गाडीत मला जागा द्यायला त्यांना लिहा. या खेपेची ढेप मी मांडीवर घेईन.