आवाज न करणारी गाडी

सोमवार, ३ मार्च. सकाळी ५ वाजून ५० मिनिटे.
अंगणात गाडीच्या बोनेटला कान लावून उभा होतो. गाडी चालू होती. आवाज शून्य. दूधवाला थांबून म्हणाला, काय हो, पहिल्याच दिवशी बंद पडली? ज्याला चालू आणि बंद यातला फरक कळत नाही त्याच्यापुढे तोंड कशाला वाजवायचे.

गाडी काल संध्याकाळी आली. प्लग-इन हायब्रिड, फोर-व्हील ड्राइव्ह. सेकंड हॅन्ड, पण मनाने नवी. घरच्या सॉकेटवर भरायची, बॅटरीवर पंचेचाळीस किलोमीटर जाते, पुढे पेट्रोल आहेच. डीलरच्या करारनाम्यात दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकले होते. लाल पेनाने दुरुस्त करून दिले. डीलर म्हणाला, साहेब, असं गिऱ्हाईक जन्मात पाहिलं नाही. 'बॅटरीची कोणतीही हमी विक्रेत्यावर राहणार नाही' हे वाक्य मात्र निर्दोष होते. सही केली.

आज छापखान्यात राजीनामा दिला. पाच वर्षे दुसऱ्यांच्या लग्नपत्रिकांतले काने-मात्रे तपासले. आता पुरे. मालकांनी कागद वाचला, खिशात घातला आणि म्हणाले, बरं. धक्का बसला असावा.

मंगळवार, ४ मार्च.
योजना नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी विचारले तर दाखवता येईल.

पक्षी बघणाऱ्यांचा एक क्लब आहे. दर रविवारी डोंगरावरच्या तळ्याकाठी जातात. पायथ्यापर्यंत चांगला रस्ता, पुढे अकरा किलोमीटर दगड, चिखल आणि एक ओढा. डिझेल जीपने जातात, म्हणजे हे पोचायच्या आत पक्षी निघून गेलेले. उपाय: मी. क्लबच्या अध्यक्ष बाई (शाळेतून रिटायर झाल्या, आवाज झालेला नाही) म्हणाल्या, सोळा तारखेला ट्रायल द्या. जमलं तर वर्षभराचं काम तुमचं आणि सहा महिन्यांचे पैसे आगाऊ.

त्या आगाऊ पैशांतून ताईकडून गाडीसाठी घेतलेले एक लाख ऐंशी हजार एकतीस तारखेच्या आत परत. ते तिच्या शिवणकामाच्या गाळ्याचे डिपॉझिट आहे. ताई सहा महिन्यांपूर्वी भावोजींच्या घरातून निघून आली. माझ्याकडे मागच्या खोलीत राहते, शाळेचे गणवेश शिवते. गाळ्याच्या वर राहायला एक खोली आहे, आणि तो पत्ता भावोजींना माहीत नाही. इथला आहे. गाळामालक तीसपर्यंत थांबणार. पैसे देताना ताई म्हणाली, बाळ्या, हा गाळा गेला तर तो मला एक दिवस इथून उचलून नेईल आणि तू बघत उभा राहशील. मी म्हटले, ताई, तू आता फक्त दुकानाचे नाव काय ठेवायचे ते बघ. पाटीचे शुद्धलेखन माझ्याकडे लागले.

गुरुवार, ६ मार्च.
पूर्ण चार्जिंगला साडेसात तास. अंगणाकडचा सॉकेट ताईच्या खोलीत आहे. गाडी लावलेली असताना इस्त्री किंवा मशीनची मोटर सुरू केली की फ्यूज उडतो. ताई म्हणाली, मी कपडे करू की तुझी गाडी भरू, एक काय ते सांग. सांगितले. आता ती मशीन हाताने फिरवते. गणवेशांची ऑर्डर तीन दिवस उशिरा गेली आणि शाळेने पैसे कापले. नव्या युगात जाताना जुन्या माणसांना थोडे जड जाणारच.

निश्चय: शक्यतो पेट्रोलचा थेंब जाळायचा नाही.

शनिवार, ८ मार्च.
ध्वनिचाचणी. ताईला अंगणात डोळे मिटून उभे केले आणि गाडी मागून हळूहळू जवळ आणत नेली. पदराला बंपर टेकेपर्यंत तिला पत्ता नाही! कमालीचा निकाल. वहीत लिहायला बसलो तेव्हा आठवले की तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. भावोजींचा हात जरा जड आहे. मनात तसे काही नसते. पुन्हा बाहेर बोलावले, उजवा कान गाडीकडे करायला लावला आणि चाचणी परत घेतली. या वेळी बऱ्याच आधी बाजूला झाली. पण ती घाबरलेली होती, त्यामुळे हा निकाल धरलेला नाही.

रविवार, ९ मार्च.
मॅन्युअल तिसऱ्यांदा वाचून संपवले. पुढची चाके इंजिनवर, मागची फक्त बॅटरीच्या मोटरवर. म्हणजे एका गाडीत दोन गाड्या. लोक आयुष्यभर एकीसाठी झुरतात.

गाडीला स्टेपनी नाही. ती जागा बॅटरीने घेतली आहे. त्याऐवजी फोमचा डबा मिळतो, पंक्चर झाले की आत फवारायचा. स्टेपनी बाळगतो तो मुळात पंक्चरची वाट बघत असतो.

गॅरेजवाल्याला सगळे बोल्ट म्हणतात. तो गाडीखाली झोपून म्हणाला, पोट फारच खाली आहे हो, गाभण म्हशीसारखं. दगड लागून बॅटरी फुटली तर तुम्हीही फुटाल. खालून जाड लोखंडी पत्रा मारून घेऊ. मारला. त्याने पोट आणखी चार बोटे खाली आले. बोल्ट म्हणाला, पण आता लागलं तर पत्र्याला लागेल. मुद्दा बिनतोड आहे.

मंगळवार, ११ मार्च.
भावोजींचा फोन. ताईने नको अशी मान हलवली, म्हणून ती बाहेर गेल्याचे सांगितले. मग गाडीवर गप्पा निघाल्या. भावोजींचा खडी वाहतुकीचा धंदा आहे, जुनी डिझेल जीप आहे. म्हणाले, अरे मेव्हण्या, डोंगरात प्लग कुठे शोधणार तू? झाडाला लावणार का? मी पान क्रमांकांसह खुलासा केला. ते खूप हसले. माणूस रागीट आहे, पण दुसऱ्याचे ऐकून घेतो.

ताईने नंतर विचारले, एवढा वेळ काय बोलत होतास त्याच्याशी? गाळ्याचं काही बोलला नाहीस ना? मी म्हटले, ताई, जगात गाळ्याशिवायही विषय आहेत.

शनिवार, १५ मार्च.
व्हिजिटिंग कार्डे आली. 'मूक सफर. निसर्गाला जागे न करता.' पाचशे नग, एकही चूक नाही. ताईला दिले. तिने मागची कोरी बाजू बघितली आणि म्हणाली, मापं लिहायला बरी आहेत.

रविवार, १६ मार्च. सकाळी ७.१०. पायथा.
क्लबच्या दारापासून पायथ्यापर्यंत चौतीस किलोमीटर, सगळे बॅटरीवर. मॅन्युअलमध्ये बॅटरी राखून ठेवायचे बटण आहे, पण ते दाबले की इंजिन सुरू होते, आणि पहिल्याच फेरीत बाईंना इंजिन ऐकवायचे म्हणजे गवयाने आधी खोकून दाखवायचे. बाई म्हणाल्या, अगंबाई, खरंच आवाज नाही! क्लबचे खजिनदार मागे झोपले. यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र नाही. बॅटरी सात टक्के. पत्र्याचे वजन धरले नव्हते. हरकत नाही, चढ अकराच किलोमीटर आहे.

सकाळी ८.३५. चढावर.
बॅटरी संपली. इंजिन आपोआप सुरू झाले. सुरू झाले म्हणजे ओरडू लागले. मागच्या चाकांनी काम थांबवले आहे, पुढची दोन चिखल उडवत आहेत. पत्रा एका दगडावर बसला असून गाडी त्यावर झोपाळ्यासारखी डुलते. प्रवाशांना उतरून ढकलण्याची विनंती केली. बाई खांद्यापर्यंत चिखलात.

सकाळी ९.१५.
थांबलो आहोत. बॅटरी थोडी भरावी म्हणून इंजिन जागेवर चालू ठेवले आहे. बाई म्हणाल्या, बंद करा ते. मी समजावले की बंद केले तर मागची चाके कधीच उठणार नाहीत. त्या म्हणाल्या, अहो, जीप ओरडते तेव्हा निदान पुढे तरी जाते! भावनेच्या भरात बोलल्या.

नोंद घ्यावी: पक्षी दिसले. पुष्कळ. सगळे एकदम, तळ्यावरून लांब जाताना.

सकाळी ९.५०.
इंजिनाचा जोर लावून गाडी दगडावरून खाली आणली. खाली आणताना टायर बाजूने फाटला. फोम फवारला. फटीतून तसाच बाहेर आला, थोडा उघड्या दारातून सीटवर उडाला आणि उरलेला खजिनदारांच्या दुर्बिणीवर बसला. त्यांनी दुर्बीण तशीच डोळ्यांना लावून माझ्याकडे बघितले. माणूस विनोदी वाटला.

सकाळी १०.२०.
क्लब पायी निघाला. उतरायला सोपे आहे. बाई जाताना म्हणाल्या, उद्या फोन करू नका. परवाही करू नका. म्हणजे आठवड्याच्या शेवटी करावा.

सकाळी ११.
बोल्ट फोनवर म्हणतो, एवढ्या वर त्याची गाडी चढत नाही. आणखी दोघांना विचारले, तेही तेच म्हणाले. वर येऊ शकेल अशी जीप माझ्या ओळखीत एकाकडेच आहे. थोडा वेळ विचार केला. ऊन वाढत होते. सीटवरचा फोम वाळत होता. वाळला की निघत नाही.

भावोजींना फोन लावला. म्हणाले, येतो की! मेव्हण्यासाठी नाही येणार तर कोणासाठी? फक्त एक सांग, तुझी ताई आज घरी आहे ना? मी म्हटले, घरीच आहे, गणवेश शिवत बसली आहे. म्हणाले, झकास.

दुपारी २.
भावोजी आले. मूड चांगला. गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकाला लाथ घातली आणि म्हणाले, ही बॅटरी म्हणजे बिनकामाचा पाहुणा रे. चालत नाही, खात नाही, पण उतरतही नाही. मी म्हटले, दोष टायरचा आहे, तंत्रज्ञानाचा नाही. म्हणाले, असेल बाबा, तू शिकलेला. मग दोर बांधला. फाटक्या चाकावरच, टोचन करून निघालो.

संध्याकाळी ५.१५.
भावोजींनी थेट अंगणात आणून सोडले. ताई खिडकीशी मशीनवर होती. तिला आधी जीप दिसली, मग दोर, मग दोराच्या टोकाला मी. तिचा हात चाकावर तसाच राहिला. भावोजी आत जाऊन तिच्या कापडाच्या टेबलावर बसले आणि म्हणाले, पाणी दे गं, दमलोय तुझ्या भावापायी.

मी ताईला टायरचे समजावून सांगत होतो. तिने मधेच विचारले, क्लबचे पैसे? मी म्हटले, बोलणी चालू आहेत. तिने पुन्हा तेच विचारले. मी फोम खरवडायला बाहेर गेलो.

गुरुवार, २० मार्च.
भावोजी आता रोज येतात. ताई दाराला आतून कडी लावून घेते. त्यामुळे चार्जिंगची पंचाईत.

सोमवार, २४ मार्च.
छापखान्यात गेलो. माझ्या जागी एक मुलगी बसली आहे. मालक म्हणाले, अर्ध्या पगारावर पाकिटं चिकटवायला या. या आग्रहाला मान द्यावा असे वाटते.

डीलरलाही भेटलो. गाडी परत घ्यायचे दोन लाख देतो म्हणाला. वर म्हणाला, रोख, आत्ता, ही बॅटरी दुसरा कोणी फुकट घेणार नाही. घरी येऊन हसत हसत ताईला सांगितले. ती उठून उभी राहिली. म्हणाली, बाळ्या, विक. माझं डिपॉझिट सुटतं, वर वीस हजार तुला राहतात. आजच विक रे, पाया पडते तुझ्या. मी म्हटले, ताई, घाईत विकणारा नेहमी तोट्यात जातो. सहा लाख वीस हजारांच्या वस्तूचे दोन लाख घेणे हा स्वतःचा अपमान आहे. तिला व्यवहारातले कळत नाही, हा तिचा दोष नाही.

शुक्रवार, २८ मार्च.
ताई आज पुन्हा गाडीचे बोलली. मी कृतीने उत्तर दिले, म्हणजे मॅन्युअल घेऊन बाहेर गाडीत बसलो. काचा लावल्या की आत बाहेरचे अजिबात ऐकू येत नाही. या गाडीचा हा गुण जाहिरातीत घ्यायचा राहून गेला.

सोमवार, ३१ मार्च. सकाळी १०.
गाळामालकाने गाळा दुसऱ्याला दिला. भावोजी साडेआठला जीप घेऊन आले. मी मदतीला होतो. ताईची एकच पेटी. मशीन ठेवून गेली. भावोजी म्हणाले, आमच्याकडे हिला काय कामं कमी आहेत? ताई पेटीवर हात ठेवून थोडा वेळ माझ्याकडे बघत उभी होती. मी म्हटले, ताई, एकदा क्लबचे जमले की पहिले तुझेच. ती म्हणाली, राहू दे. ते पैसे आता लिहूनसुद्धा ठेवू नकोस. किती मोठे मन.

महिनाअखेरचा हिशोब.

खर्च: गाडी ६,२०,०००. लोखंडी पत्रा ११,५००. टायर १४,०००. फोमचा डबा १,८००. कार्डे ९००.

जमा: घरात एक माणूस कमी झाल्याने किराण्यात बचत, दरमहा अंदाजे २,४००.

देणे: गाडीसाठी पतसंस्थेचे कर्ज ३,००,०००, पैकी एक हप्ता थकला. बोल्ट ६,०००. खजिनदारांची दुर्बीण ८,२००. ताई: तिने लिहू नकोस म्हटले आहे, म्हणून लिहिलेले नाही. डोंगरावरून टोचन: शून्य. भावोजी काहीही न घेता गेले.