उघडं बॉनेट

नोरीनताई,

डार्सीची वाट बघू नकोस. तुझा पोरगा वाळवंटात चुकला नाही.

काल माझ्या बारमध्ये हवालदाराचा मेहुणा मर्व्ह बोलून गेला, “पोराची गाडी बॉनेट उघडून उभी होती. मी थांबलो नाही.”

सगळ्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. या रस्त्यावर उघडं बॉनेट दिसलं की वैरीसुद्धा पाणी घेऊन उतरतो.

मी हसत म्हटलं, “तू तर कांगारूसाठीपण थांबतोस की रे.”

“ग्लास भर, म्हाताऱ्या.”

म्हणजे तो थांबला होता, आणि डार्सीचं काय केलं ते लपवतोय. शेजारी बसलेल्या हवालदारालाही ते कळलं. त्याने मान खाली घातली.

फोनवर अख्खा मुलूख कान लावून असतो, म्हणून लिहायला बसलो. पण इथलं टपाल मर्व्हच नेतो.

तुझा भाऊ,
लेनर्ड