ताईचा कारकून

भिलाई, सेक्टर एक
ता. १८ ऑगस्ट १९६०

चि. जयास,

ताईचे अनेक आशीर्वाद, आणि ताईच्या बिनपगारी कारकुनाचेही. वि. वि. येथील सर्व खुशाल असे लिहायची पद्धत आहे. यंदा त्यातून माझा उजवा पाय वगळावा.

घाबरू नकोस. पाय मोडला आहे, माणूस शाबूत आहे. तू म्हणशील, आपले भाऊजी रिगर, भट्टीच्या माथ्यावर लोखंडी तुळईवरून चालत जाऊन बोल्ट आवळतात, तिथूनच पडले असतील. तसे झाले असते तर चार लोकांत सांगायला तरी बरे होते. मी पडलो आमच्या क्वार्टरच्या छपरावरून. दोडक्याचा वेल वर चढवावा अशी मलाच हौस आली, पावसाने छप्पर शेवाळले होते, आणि मी थेट शेजारच्या सरलाबाईंच्या अंगणात उतरलो. वेल मात्र सुखरूप वर पोचला.

ताई समोर तांदूळ निवडत बसली आहे. म्हणते, लिहा, जसंच्या तसं लिहा, की जया, तुझ्या भाऊजीले आता तीन महिने पलंगावर बसून हुकूम सोडायची परवानगी भेटली, त्याइचं एकच हाड मोडलं, माझी समदी मोडणार. लिहिले. वेलाबद्दलही ती काही सांगत होती, पण कार्डावर जागा कमी, म्हणून ते लिहीत नाही.

पाय प्लास्टरमध्ये आहे. हाड नीट जुळले तर पुन्हा वर चढेन. नाही जुळले तर काय, हे डॉक्टर आत्ताच सांगत नाहीत आणि मीही विचारत नाही, कारण वर चढण्याखेरीज मला दुसरे काही येत नाही. यंदा पोळ्याला येणे होणार नाही. मुरमाडीला माझ्या बाबांना कळवू नकोस, ते बैलगाडी जुंपून मला न्यायला येतील.

तुझी भाची बेबी तुझी आठवण काढते. लोभ मोडू देऊ नकोस, सध्या घरात एवढी मोडतोड पुरे.

तुझा भाऊजी,
तेजराम

*

आमगाव
ता. ३० ऑगस्ट १९६०

ती. भाऊजी व ती. सौ. ताई यांस,

जयाचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. भाऊजी, तुमच्या फक्त डाव्या पायावर. वि. वि. कार्ड पोचले. शाळेत वाचले आणि वर्गातच रडू आले, मग दोडक्याचा मजकूर आला आणि हसू आवरेना. पोरांना वाटले, बाईंना झाले तरी काय.

आईला सांगितले. ती म्हणाली, जवाईबापू लोखंडावर पडत नाही आणि भाजीवर पडते, हे काही नवं नाही, लग्नातही पंगतीत पाय घसरला होता. मला हे माहीत नव्हते. ताईने आजवर एकाही पत्रात कळवले नाही. कसे कळवणार म्हणा, लिहिणारे तुम्हीच.

यावरून एक सुचले. तुम्ही तीन महिने रिकामे. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, त्यापेक्षा ताईला लिहायला शिकवा. पार्सलने पाटी आणि अंकलिपी पाठवते आहे. ताई म्हणेल, आता या वयात कावून? तर तिला हे वाचून दाखवा: आईबाबा धानाच्या बांधीत रोवणीला जायचे आणि मी लहान, म्हणून ताईला घरी ठेवले. ती मला कडेवर घेऊन शाळेच्या खिडकीशी उभी राहायची. मी कडेवरून उतरून आत गेले आणि आज मास्तरीण झाले. ती बाहेरच राहिली. हे मला रोज फळ्यासमोर उभी राहिले की आठवते, आणि बरे वाटत नाही.

भाऊजी, विद्यार्थिनी हट्टी आहे. छडी वापरू नका, ती परत मारेल. पायाला जपा. माया आहे तशीच ठेवा.

तुमची,
जया

*

भिलाई
ता. २६ ऑक्टोबर १९६०

चि. जयास अनेक आशीर्वाद. वि. वि. दिवाळी चांगली झाली. तुझे चिवड्याचे डबे पोचले, एक बेबीने आणि एक माझ्या बसून राहण्याने संपवला.

जया, मी चार वर्षे या घरात राहतो असे मला वाटत होते. तसे नव्हते. मी इथे फक्त झोपायला येत होतो. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी, भोंगा झाला की उठायचे, भोंगा झाला की परतायचे. घरात दुपार कशी असते हे मला आत्ता कळले. अकराला दूधवाला राऊत हिशोब चुकवतो, बाराला बेबी आणि सरलाबाईंची लतिका भांडतात, एकला दोघी एकाच ताटात जेवतात. सुरुवातीला बेबी मला पाहुणा समजून वागली. सहाव्या दिवशी तिने आईला हिंदीत विचारले की पापा वापस कब जाएँगे. आता मी कुबडीवर आंघोळीला गेलो तरी दाराशी बसून राहते.

मी तांदूळ निवडतो. खालून सैल बोल्ट ओळखणारा माणूस, पण रोज ताईच्या दाताखाली खडा येतो. ती जेवताना थांबते, माझ्याकडे पाहते, आणि खडा माझ्या ताटाच्या कडेला ठेवते. बोलली असती तर परवडले असते. परवा वरण करपवले. तिने ते सरलाबाईंना नेऊन दाखवले, दोघी हसून हसून उंबऱ्यात बसल्या.

शाळा चालू आहे. ताईला शिकवणे म्हणजे रेड्याकडून वेद म्हणवून घेणे, असे मी म्हणालो तर म्हणते, हेही लिहा जयाले, आन् खाली लिहा की मास्तरच रेडा आहे. पण खरे सांगतो, पोरगी हुशार आहे. चूल सारवताना ओल्या बोटाने भिंतीवर अक्षरे काढते आणि मी पाहिले की पुसते. दोनदा मी तोंडभर कौतुक केले तर पाटी उचलून आत गेली.

प्लास्टर निघाले. पाय जरा आखूड वाटतो. डिसेंबरात शेवटची तपासणी. तोवर मी या घरचा पाहुणा नाही, एवढे सुखही काही कमी नाही. आठवण ठेवत जा, चिवडा पाठवत जा.

तुझा भाऊजी,
तेजराम

*

भिलाई
ता. १४ डिसेंबर १९६०

चि. जयास अनेक आशीर्वाद. वि. वि. निकाल लागला. पाय पाऊण इंच आखूड बसला आहे. चालेन, पण उंचावर चढायची परवानगी कायमची गेली.

साहेबांनी खाली काम देऊ केले आहे. क्रेनच्या समोर जमिनीवर उभे राहून, वरच्या ड्रायव्हरला हाताने खुणा करायच्या, उचल, थांब, हळू सोड. सिग्नलमन म्हणतात. मंडईच्या जत्रेत दंडारीच्या खेळातला नाच्या हात हलवतो तसे दिवसभर हात हलवायचे, आणि माझ्याबरोबरची पोरे वरून पाहणार. १६ जानेवारीपर्यंत हो की नाही ते कळवायचे आहे.

मी नाही म्हणणार आहे. आम्ही मुरमाडीला परत जायचे ठरवले आहे. बाबा आणि थोरले भाऊ केवलरामदादा आहेतच, धानाच्या शेतात आखूड पाय कोणी मोजत नाही. परवा मी पुढे होऊन बाबांशी बोलायला जातो, मग येऊन क्वार्टर सोडू. तुझ्या ताईलाही यात आनंदच आहे. घाईत आहे. लोभ असाच गावाकडेही येऊ दे.

तेजराम

*

आमगाव
ता. २२ डिसेंबर १९६०

ती. भाऊजी व ती. सौ. ताई यांस सा. न. वि. वि.

भाऊजी, पायाचे वाचून फार वाईट वाटले. थट्टा करायला हात धजत नव्हता. पण नाही केली तर तुम्हाला वाटेल, प्रकरण गंभीर आहे, म्हणून करते.

खुणा करणाऱ्याला हसता, पण आमच्या वर्गात चाळीस पोरे माझ्या एका बोटावर उठतात बसतात. तुमच्या बोटावर तर लोखंड उठणार. मला तर हेवा वाटला.

आता दुसरे. मी तुमची पत्रे सहा वर्षे वाचते आहे. कारकून कुठे थांबतो आणि ताई कुठे सुरू होते हे मला नुसत्या वासाने कळते. या पत्रात तुम्ही लिहिले आहे, 'तुझ्या ताईलाही यात आनंदच आहे.' भाऊजी, ताईने जन्मात हा शब्द वापरलेला नाही. तिला फार आवडले तर ती म्हणते, ठीक आहे, काय वाईट आहे. हे वाक्य तिने सांगितले, की तुम्ही तिच्यासाठी घालून टाकले?

ताई, तुला जायचे असेल तर जा, मी गाडीवर भेटायला येईन. पण तुझे तू सांग. आणि भाऊजी, वाचून दाखवताना हा भाग गाळू नका, तुम्हाला माझ्या गळ्याची शपथ.

राग धरू नये, धरला तर पत्राने कळवावा.

जया

*

भिलाई
ता. २ जानेवारी १९६१

बेबीच्या बाबूजीले,

माझा नमस्कार. नवऱ्याले पत्र कसं सुरू करतात ते तुमी शिकवलंच नाही, म्हणून असंच सुरू केलं.

तुमी गावी गेले आन् जयाचं पत्र आलं. सरलाबाई म्हणाली, आण, मी वाचून देते. मी दिलं नाही. चार दिवस लागले. पाचव्या दिवशी ते आनंदाचं वाक्य वाचलं. मी कधी सांगितलं होतं हो? मी तर त्या दिवशी चुलीपुढं बसली होती, तुमी मले काही इचारलंच नाही.

अजून एक. तुमी पहिल्या कार्डात लिहिलं म्हणे की मलाच हौस आली. ते कार्ड जयानं आईले वाचून दाखवलं, आईनं गावभर सांगितलं. तुमाले हौस नव्हती. पाऊस चालू होता, तुमी रात्रपाळी करून आले होते, आन् मीच मागं लागली होती की वेल आजच चढवा. त्या दिवशी मले वाटलं, माणूस गेला माझ्या हातानं. मी लिहा म्हटलं तर तुमी जागा नाही म्हणाले. तुमी मले वाचवून राहिले होते, ते मले कळलं. पण मग माझं रडणं पोटातच राहिलं. तुमच्यासमोर सांगून तुमच्याच हातानं कसं लिहू?

आता माझं आयका. मुरमाडीले जायचं म्हणता. तिथं तुमी ओसरीत बाबासंग जेवाल, मी आत जाऊबाईसंग मागून जेवीन. दिवसातून एकदा पाणी द्यायले बाहेर येईन, तेव्हा तुमी दिसाल. लग्न झाल्यावर दोन वर्षं तसंच होतं. इथं हे तीन महिने तुमी मी आन् बेबी एका जागी बसून जेवलो. तुमी खडे खाऊ घातले तरी मले ते जेवण गोड लागलं. देवाची शपथ, पाय मोडला याचं दुःख करू का तुमी घरी सापडले याचा आनंद करू, हेच मले समजत नव्हतं. पाहा, लिहिला मी तो शब्द. आता तो माझा आहे.

तुमाले खाली उभं राहायची लाज वाटते. मी चार वर्षं खालीच उभी होती. रोज वर पाहून राहायची, की त्या ठिपक्यातला माझा कोणता. आता मले वर पाहायचं नाही. खुणा करा, हात हलवा, पोरं हसली तर हसू द्या, संध्याकाळी दोन पायांनी घरी या.

तर सरलाबाईच्या नवऱ्याच्या, चिंतामणभाऊजीच्या हातून मी ऑफिसात निरोप धाडला की तुमची हो आहे, सोळाले हजर राहते म्हणून. तुमी माझ्या नावानं एक वाक्य लिहिलं, मी तुमच्या नावानं एक सांगून टाकलं. फिट्टंफाट. राग आला असन तर इथं येऊन करा, तिकडं मुरमाडीले मामाजीच्या घरी कावून करता?

पाकिटावर तुमचं नाव लिहिलं, मामाजीचंही लिहिलं. तोंडानं अजून घेतलं नाही. 

बेबी इचारते पापा कब आएँगे. मी सांगितलं, पत्र वाचलं की.

कौशल्या

*

मुरमाडी
ता. ७ जानेवारी १९६१

चि. जयास आशीर्वाद. वि. वि. ते वाक्य मी घातले होते. तिला विचारायचे धाडस नव्हते, म्हणून लिहून मोकळा झालो. चूक झाली.

काल तिचे पत्र आले. बाबा खाटेवर बसले होते, म्हणाले, सूनबाई काय म्हणते, मोठ्यानं वाच. आजवर या घरातली सगळी पत्रे मीच मोठ्याने वाचत आलो. हे वाचता आले नाही. म्हणालो, खुशाल आहेत. बाबांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, मग रडून कावून राहिला? जा आपल्या घरी.

परवा गोंदियाहून पॅसेंजरने निघतो. आमगावला गाडी थोडा वेळ थांबते, फलाटावर ये. हवे तेवढे चिडव, मी खिडकीत बसून ऐकून घेईन. पत्र मात्र मागू नकोस. ते माझे आहे.

तेजराम