वाळूच्या मैदानाची वर्गणी

अण्णा,

तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, पण तुम्ही राखलेलं मैदान अजून तसंच बोडकं आहे. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा बदलून आलेल्या एका इंजिनिअर साहेबांना गोल्फचा नाद होता. त्यांनी गावाबाहेरच्या माळावर सहा भोकांचं मैदान आखलं आणि तुम्ही तिथे माळी म्हणून लागलात. माळी कसले, गवताची काडी नव्हती. इतर मैदानांवर भोकाभोवती हिरवळ असते. आपल्याकडे वाळू उडू नये म्हणून तिच्यात जळकं ऑईल कालवून थापलेला काळा गोल. खेळताना त्यावर पावलं उमटायची आणि पुढच्याचा चेंडू सरळ जावा म्हणून ती लांब दांड्याच्या फळीने ओढून पुसावी लागायची. ज्याचं पाऊल त्यानेच पुसायचं, हा नियम तुमचा. साहेबांनी एकदा फळी तुमच्याकडे सरकवली तर तुम्ही म्हणालात, "साहेब, पाऊल तुमचं हाय." भीमनगरातला माळी साहेबाला असं बोलतो, आता नोकरी गेली, असं मला वाटलं. साहेबांनी फळी ओढली.

दुष्काळातला तो दिवस आठवतो. मी नऊ वर्षांची आहे आणि साहेबांच्या पुस्तकात मी हिरवळीचं चित्र पाहिलंय. घरातली भरली घागर कमरेवर घेऊन मी मैदानात येते आणि पाचव्या गोलावर ओतते. तेलकट वाळूत पाणी मुरत नाही, नुसते ओघळ पडतात. तेवढ्यात तुम्ही येता. त्या घागरीसाठी आई सकाळपासून टँकरच्या रांगेत उभी होती, हे मला ठाऊक आहे. तुम्ही मारत नाही. "वाळूला तहान लागली व्हती का गं? मायला इचार, तिला लई लागली हाय." दिवसभर तुम्ही मला फळी ओढायला लावलीत. हाताला फोड आले. दिवस मावळताना साहेबांनी टाकून दिलेली एक काठी माझ्या उंचीएवढी कापून हातात दिलीत आणि म्हणालात, "आता गोल तुझा हाय. खेळ." त्या दिवशी मला तुमचा राग आला होता. काठी मात्र उशाशी घेऊन झोपले.

पुढे साहेब लोकांच्या बदल्या झाल्या आणि क्लब ओस पडला. तेव्हा उरलेल्या चार जणांना तुम्हीच सांगितलंत, "डाळ मिलमधल्या मानसाला झेपंल एवढीच वर्गणी ठिवा. ज्याला तेबी झेपत न्हाई, त्यानं रईवारी फळी ओढावी." तीच वर्गणी अजून चालू आहे आणि तुमची लेक आता क्लबची अध्यक्ष आहे.

परवा बैठकीत क्लासेसवाल्या सरांनी प्रस्ताव मांडला, की बोअर घ्यायचा, हिरवळ करायची आणि वर्गणी दहापट करायची. "मॅडम, वरून मदत मिळते ती हिरवळीच्या क्लबांनाच. वाळूत खेळणाऱ्याला कोण इचारतं?" मी म्हटलं, बोअरला पाणी लागलं तर आधी वस्तीला नळ द्यावा लागेल. मग त्या घागरीची गोष्ट सांगितली. दोन मास्तर, एसटीचा कंडक्टर, डाळ मिलमधले हमाल, सगळ्यांचे हात वर्गणी तीच ठेवायच्या बाजूने वर झाले. सर थोडे फुगून बसले होते, पण खेळून झाल्यावर त्यांनीच विचारलं, "फळी कुठंय?"

सगळ्या क्लबांकडून वर्गणी घेऊन मदत वाटणाऱ्या गोल्फच्या मोठ्या संघटनेलाही मी लिहिलं, की लहान क्लबांकडून ठोक रकमेऐवजी माणशी वर्गणी घ्या आणि मदत गवत बघून नाही, खेळणारे बघून द्या. उत्तर आलंय, पाहणीला माणूस पाठवतो. येऊ दे. त्याच्याही हातात फळी देईन.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तुम्ही कापून दिलेल्या काठीसोबत कपाटातच राहील, म्हणून सांगून टाकते. पाचव्या गोलाच्या कडेला गवताच्या चार काड्या उगवल्यात. काल उपटायला वाकले होते. मग आजूबाजूला कोणी नाही असं बघितलं आणि बाटलीतलं उरलेलं पाणी त्यांना घातलं.